जुन्या मर्सिडीजचं क्रूझ मध्येच सुटतं? आधी 'सोड' कोण म्हणतंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 1984 ची मर्सिडीज 280 एसई, 126 मालिकेतली. क्रूझ कंट्रोल कधी पहिल्याच प्रयत्नात लागतं आणि तासभर वेग धरून ठेवतं. कधी पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सुटतं, कधी लागतच नाही. अलीकडे तर लागलेलं असतानाही गाडी एकसारखी चालत नाही, हलके हलके पुढे ओढते आणि मागे पडते. मेकॅनिकने कंट्रोल युनिट बदलायला सांगितलं आहे. बदलावं का?

आत्ता बदलू नका. दोष युनिटमध्ये असूही शकतो, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं एकाच आजाराची नाहीत. सुटणं वेगळं, न लागणं वेगळं आणि हेलकावे खाणं तर अगदीच वेगळं. तिन्हींवर एकच औषध म्हणून युनिट बदललं तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची शक्यता मोठी आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं युनिट आधीच एकदा बदललेलं असतं आणि दोष जागच्या जागी असतो.

ही यंत्रणा बनवणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ठरवलेली असते: जराही शंका आली की सोडून द्यायचं. ब्रेकच्या वायरीवर व्होल्टेज दिसलं, सोडा. वेगाचा संकेत तुटला, सोडा. वीज क्षणभर गेली, सोडा. गाडी ठरवलेल्या वेगाच्या फारच खाली गेली, तरी बऱ्याच यंत्रणा सोडतात. म्हणजे मध्येच सुटणारं क्रूझ बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, ते हुकूम पाळत असतं. तो हुकूम कुठल्या वायरीतून आला, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

तुमच्या गाडीत मर्सिडीज ज्याला 'टेम्पोमॅट' म्हणते ती विजेवर चालणारी यंत्रणा आहे. स्टीअरिंगजवळच्या दांड्यावरून तुम्ही आज्ञा देता. डॅशबोर्डखालचं कंट्रोल युनिट, ज्याला जुने लोक अॅम्प्लिफायर म्हणतात, ती आज्ञा घेतं आणि गाडीचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडून येणाऱ्या संकेताशी ताडून बघतं. मग इंजिनजवळच्या अॅक्चुएटरला सांगतं की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, इतकं उघड किंवा इतकं मिट. अॅक्चुएटरच्या पोटात एक छोटी मोटर, गिअर, विजेवर पकड घेणारा क्लच आणि त्याचा हात, म्हणजे थ्रॉटल हलवणारी दांडी, नेमका कुठवर फिरला हे युनिटला कळवणारं पोटेन्शिओमीटर असतं. ब्रेक लाईटच्या वायरीवरून सुटण्याचा हुकूम येतो. पुढे जे काही सांगतोय ते या पाच जागांवरच फिरणार आहे.

पहिली चाचणी फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते. क्रूझ आपोआप सुटलं की अॅक्सिलरेटर हळूच धरा, वेग चाळिशीच्या बराच वर ठेवा आणि दांड्यावरची 'रिझ्यूम'ची हालचाल करा. गाडीने जुना ठरवलेला वेग परत पकडला तर युनिटची स्मृती शाबूत आहे. म्हणजे वीज गेली नव्हती. कोणीतरी रीतसर 'सोड' म्हटलं: ब्रेकच्या वायरीने, दांड्यातल्या 'ऑफ'च्या संपर्काने किंवा वेगाचा संकेत क्षणभर गायब झाल्याने. पण रिझ्यूमने काहीच झालं नाही आणि नवा वेग सेट केल्यावर मात्र क्रूझ लागलं, तर स्मृती पुसली गेली आहे. या गाडीत इग्निशन बंद केलं की ठरवलेला वेग विसरला जातो, तसंच काहीसं चालत्या गाडीत घडलं. मग संशय फ्यूज, अर्थिंग (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाशी होणारी जोडणी), युनिटचा प्लग आणि युनिटमधल्या सोल्डरच्या, म्हणजे धातू वितळवून केलेल्या, जोडांवर जातो. आणि रिझ्यूम नाही, नवा सेटही नाही, दहा मिनिटं थांबल्यावर मात्र पुन्हा सगळं सुरळीत, असं असेल तर उष्णतेने उघडणारा जोड शोधायचा.

हे निदान पाच वेळा तरी करा आणि दर वेळी लिहून ठेवा. फक्त "सुटलं" असं नको. रस्ता खडबडीत होता का, वळण होतं का, इंडिकेटर दिला होता का, किती मिनिटं गाडी चालली होती, बाहेर ऊन होतं का, स्पीडोमीटरचा काटा त्या वेळी थरथरला का. लहर लागेल तेव्हा येणारा दोष फक्त असल्या नोंदींतून पकडला जातो. पाच नोंदींपैकी चार खड्ड्यांवरच्या निघाल्या तर निम्मं काम झालं. लिहायचं काम शेजारी बसलेल्याकडे द्या, गाडी चालवताना तुम्ही नको.

आता ब्रेकची वायर. मी नेहमी इथूनच सुरू करतो, कारण इथला दोष स्वस्तात सापडतो आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ब्रेक लाईटचा स्विच पेडलच्या वरच्या अंगाला असतो. पेडल मोकळं असताना त्याची दांडी आत दाबलेली राहते. पेडल जरा खाली गेलं की ती बाहेर येते, दिवे लागतात आणि त्याच वायरीवरून युनिटला सुटण्याचा हुकूम जातो. चाळीस वर्षांत काय होतं? पेडल परत ओढणारी स्प्रिंग सैल पडते, पेडलच्या खिळीतले बुश झिजतात, स्विचची जागा मिलिमीटरभर सरकते. पेडल नेहमीच्या जागी आलेलं दिसतं, पण स्विच अगदी उंबरठ्यावर असतो. सपाट रस्त्यावर काही होत नाही. रस्त्याच्या किंवा पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली की पेडल आपल्याच वजनाने किंचित झोका घेतं, दिवे डोळ्याला दिसणार नाहीत इतका थोडा वेळ लागतात आणि क्रूझ सुटतं.

हे पकडायला मी एक साधी युक्ती वापरतो. एक एलईडी, तिच्याबरोबर एक हजार ओहमचा रेझिस्टर, लांब पातळ वायर. एक टोक स्विचकडून दिव्यांकडे जाणाऱ्या वायरीला, दुसरं अर्थला आणि एलईडी डॅशबोर्डवर चिकटपट्टीने. शेजारच्या माणसाने तिच्यावरच नजर ठेवायची. एकदा एक मोठी सेडान माझ्याकडे आली होती, दुसऱ्या कंपनीची. दोन युनिटं बदलून झाली होती. मालक स्वतः शेजारी बसले, मी गाडी चालवली. पुलाच्या पहिल्या जोडावर एलईडी पापणी लवावी तशी चमकली आणि त्याच क्षणी क्रूझ सुटलं. दुसऱ्या जोडावर पुन्हा तेच. दुरुस्ती काय, तर स्विच दोन आटे पुढे घेतला आणि पेडलची स्प्रिंग बदलली. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. इतक्या वर्षांचा त्रास एवढ्याशा उजेडात दिसला होता. एलईडीऐवजी टेस्टलॅम्पचा मोठा बल्ब वापरू नका. तो स्वतःच करंट खातो आणि वायरीचं वागणं बदलतो.

ब्रेक लाईटच्या बल्बांचाही इथे थेट संबंध आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अनेक जुन्या क्रूझ यंत्रणांत युनिट त्या वायरीवर नुसतं व्होल्टेज शोधत नाही. पेडल मोकळं असताना वायरीला दिव्यांच्या तारेतून अर्थ मिळतोय ना, यावरही ते अवलंबून असतं. 21 वॅटच्या बल्बची तार थंड असताना जेमतेम एक ओहम किंवा त्याहूनही कमी रोध दाखवते. म्हणजे पेडल मोकळं असताना ती वायर जवळजवळ अर्थलाच बांधलेली असते. त्या जागी कोणी हौसेने एलईडीचे बल्ब बसवले की हा रस्ता बंद. वायर अधांतरी लोंबकळते, तिच्यावर कुठूनतरी थोडं व्होल्टेज तरंगतं आणि युनिटला वाटतं पेडल दाबलेलं आहे. काही गाड्यांत क्रूझ लागतच नाही, काहींत कधी लागतं, कधी नाही. तुमच्या गाडीत मागे एलईडी बसवले असतील तर दुसरं काहीही उघडण्याआधी साधे बल्ब परत लावून एक फेरी मारा. बल्ब साधेच असतील तरी होल्डर काढून बघा. पत्र्यावर पांढरी-हिरवी पावडर जमलेली असेल तर तिथला अर्थ गेला आहे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. ब्रेकची वायर तोडून किंवा सरळ अर्थला जोडून क्रूझ चालतं का, हे रस्त्यावर बघू नका. असं केलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. क्रूझ न लागणं ही गैरसोय आहे. क्रूझ न सुटणं हा जिवाशी खेळ आहे. दुरुस्ती करताना या दोन गोष्टी एका पारड्यात ठेवायच्या नाहीत. कधी थ्रॉटल अडकल्यासारखं वाटलं तर ब्रेक ठाम दाबा आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन बंद करावं लागलंच तर चावी एकच टप्पा मागे घ्या. पूर्ण मागे नेली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं.

स्मृती पुसली जातेय असं तुमच्या नोंदींवरून दिसलं तर फ्यूजबॉक्सकडे वळा. या पिढीच्या जर्मन गाड्यांत काडतुसासारखे दोन्हीकडे निमुळते फ्यूज असतात, पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा. त्यांची धातूची पट्टी अनेकदा अॅल्युमिनियमची असते. वर्षानुवर्षांत तिच्या टोकांवर आणि पितळी पकडींवर राखाडी थर चढतो. फ्यूज डोळ्याला अखंड दिसतो, मीटरवरही आवाज देतो, पण गाडी गरम झाली, थरथरली की संपर्क तुटतो. फ्यूज जागच्या जागी बोटाने दोन-तीनदा फिरवून बघा. तेवढ्यानेच क्रूझ आठवडाभर नीट चाललं, तर ते दुरुस्त झालं असं समजू नका, निदान झालं असं समजा. त्यानंतर तांब्याच्या पट्टीचे, त्याच अँपिअरचे फ्यूज घाला, पकडी बारीक ब्रशने स्वच्छ करा आणि सैल झालेली पकड चिमट्याने हलकेच आवळा.

अर्थिंग ओहममध्ये मोजू नका. शंभर धाग्यांची वायर एका धाग्यावर उरली तरी ओहममीटर शून्यच दाखवतो. व्होल्टेज ड्रॉप मोजा: इग्निशन चालू, क्रूझचं सर्किट जागं, मीटर व्होल्टवर, एक टोक युनिटच्या अर्थ पिनला मागून आणि दुसरं थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. 0.1 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. 0.2 च्या वर गेला तर अर्थचा स्क्रू उघडा, पत्रा चकचकीत करा, पुन्हा घट्ट बसवा. हीच चाचणी हेडलाईट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारी तार, सगळं चालू करून पुन्हा करा. इतर गोष्टींचा करंट त्याच अर्थमधून जात असेल तर आकडा लगेच चढलेला दिसेल. "रात्री जास्त सुटतं" अशा तक्रारींचं मूळ मला पुष्कळदा इथे सापडलं आहे.

आता हेलकाव्यांकडे. क्रूझ लागलेलं असताना गाडी ओढते आणि सोडते, ही तक्रार मला नेहमी या यंत्रणेच्या जन्मकथेची आठवण करून देते. रॉल्फ टीटर नावाचे अमेरिकन अभियंते लहानपणीच अंध झाले होते. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करत आणि ऐकू लागले की वाढवत. शेजारी बसलेल्या टीटर यांना तो झोका नकोसा झाला आणि त्यातून वेग धरून ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना आली, असं सांगतात. त्यांना 1950 मध्ये पेटंट मिळालं. 1958 मध्ये क्रायस्लरने ती यंत्रणा आपल्या महागड्या गाड्यांत दिली. कॅडिलॅकने पुढे तिला जे 'क्रूझ कंट्रोल' नाव दिलं तेच जगभर रूढ झालं. डोळ्यांनी रस्ता न बघणाऱ्या माणसाला जो झोका जाणवला तोच तुमच्या गाडीत परत आलेला आहे, म्हणून तो दोष मी किरकोळ मानत नाही.

हेलकाव्यांची कारणं बहुतेकदा यांत्रिक असतात. युनिट वेग बघतं, तो जरा कमी दिसला की अॅक्चुएटरला हात फिरवायला सांगतं. अॅक्चुएटरपासून थ्रॉटलपर्यंतच्या दांड्यांत ढिलेपणा असेल तर हात फिरतो, पण थ्रॉटल हलत नाही. युनिट आणखी फिरवतं, ढिलेपणा संपतो आणि थ्रॉटल एकदम जास्त उघडतं. वेग वर जातो, मग उलट दिशेने पुन्हा तोच खेळ. गाडी अशी डुलत राहते. यात कंट्रोल युनिटचा काडीचा दोष नसतो.

इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि लिंकेज, म्हणजे या दांड्या आणि त्यांचे सांधे, हातात धरा. प्रत्येक गोळीसांधा चिमटीत पकडून हलवा. आतली प्लॅस्टिकची वाटी झिजली असेल तर टक् असा आवाज येतो आणि बोटाला तो ठोका कळतो. एकेका सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलेपणा असला तरी चार सांध्यांत तो दोन मिलिमीटर होतो, आणि रस्त्यावर वेग टिकवायला थ्रॉटलची हालचाल लागते ती त्याच मापातली. वाट्या बदला, सांध्यांना थोडं ग्रीस द्या. मग दुसऱ्या माणसाला अॅक्सिलरेटर सावकाश दाबायला सांगा आणि थ्रॉटल कुठे अडखळतं का बघा. शेवटी अॅक्चुएटरची दांडी अशी जुळवा की इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू, असताना ती थ्रॉटलला ओढत नाही, पण मध्ये उगीच मोकळी जागाही राहत नाही. घट्ट जुळवली तर आयडल चढेल आणि थ्रॉटल पूर्ण मिटणार नाही. दोन्हींत ते जास्त वाईट, म्हणून शंका असेल तर केसभर मोकळं ठेवा.

लिंकेज नीट निघालं तर स्पीडोमीटरच्या काट्याकडे बघा. तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटर केबलवर चालतो आणि क्रूझला वेग कळतो तो त्या केबलच्या फिरण्यावरूनच. केबल कुठे दुमडली असेल, कोरडी पडली असेल तर ती सलग फिरत नाही, पीळ भरते आणि सोडते. काटा पन्नास-साठच्या आसपास थरथरतो. युनिटला वाटतं गाडीचाच वेग बदलतोय आणि ते बिचारं त्या खोट्या वेगाच्या मागे धावतं. इथे दोष स्पीडोमीटरच्या केबलमध्ये असतो आणि लोक थ्रॉटल उघडून बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. केबल काढून जमिनीवर सरळ अंथरा, एक टोक बोटांत फिरवा, दुसरं टोक त्याच लयीत फिरतं की उड्या मारतं ते बघा. उड्या मारत असेल तर केबल बदला. वंगण द्यायचं झालं तर हलकं द्या आणि स्पीडोमीटरकडचा शेवटचा वीतभर भाग कोरडाच ठेवा. तेल वर चढून स्पीडोमीटरच्या पोटात गेलं की नवीनच दुखणं सुरू होतं.

सेन्सरचा संकेत मोजायचा तर मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना अटकाव लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. एक चाक कोणाला तरी धरायला सांगा आणि दुसरं हाताने फिरवा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, फिरेल. गुंडाळीचा सेन्सर असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवा. आकडा लहान असेल, पण चाकाबरोबर तो हलला पाहिजे आणि चाक थांबलं की शून्याकडे यायला पाहिजे. फिरवता फिरवता प्लगजवळची वायर हलवा. आकडा मधूनच पडला तर तुमचा चोर सापडला.

एवढं सगळं नीट निघाल्यावरच युनिट बाहेर काढायचं. आणि काढल्यावरही बदलायचं नाही, आधी उघडायचं.

ही युनिटं मजबूत बनवलेली आहेत, पण सोल्डरचे जोड चाळीस वर्षं गरम आणि थंड होत राहिलेत. ज्या पिनांवर प्लग बसतो तिथे दर वेळी प्लग काढता-घालताना ताणही पडतो. बोर्ड मागच्या बाजूने वर करा, एका बाजूने तिरपा प्रकाश पाडा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून एकेक पिन बघा. चांगला जोड पिनेभोवती चकाकणाऱ्या छोट्या टेकडीसारखा दिसतो, उतार सलग. तडकलेल्या जोडात पिनेभोवती केसासारखं काळपट कडं असतं. बोर्ड किंचित वाकवला की पिन टेकडीतून स्वतंत्र हलताना दिसते. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर तोच जोड धडधाकट वाटतो. म्हणूनच "युनिट उघडून बघितलं, सगळं ठीक आहे" या वाक्यावर भिंगाशिवाय विश्वास ठेवू नका.

तडा दिसो वा न दिसो, प्लगच्या सगळ्या पिना आणि जड पार्ट्सचे जोड नव्याने करा. जुनं सोल्डर आधी ओढून काढा, कारण त्याच्यावर नुसतं इस्त्रीसारखं गरम टोक फिरवलं तर तडा वरून झाकला जातो आणि खाली राहतो. बोर्डावर संरक्षक लाखेचा थर असेल तर तेवढ्या जागेपुरता आधी साफ करा. मूळ काम शिसं असलेल्या सोल्डरने केलेलं आहे, तेव्हा तसंच वापरा. 63-37 चं (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डर 183 अंशांना वितळतं आणि जुन्या बोर्डाला जास्त उष्णता द्यावी लागत नाही. हवेशीर जागी बसा, काम झाल्यावर हात धुवा.

कपॅसिटर बदलायचे असतील तर एक धोका लक्षात ठेवा. अॅल्युमिनियमच्या गोल कपॅसिटरवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो आणि टँटलमच्या कपॅसिटरवरची खूण धन टोक दाखवते. या एका फरकामुळे चांगली युनिटं जळालेली मी बघितली आहेत. काढण्याआधी फोटो घ्या. नवा कपॅसिटर तितक्याच क्षमतेचा, मूळच्याइतक्या किंवा त्याहून जास्त व्होल्टेजचा आणि 105 अंश सहन करणारा घ्या.

पंधरा-वीस मिनिटांनीच सुटण्याचा दोष असेल तर गाडीतच खात्री करून घेता येते. युनिट गाडीच्या प्लगला जोडलेलं ठेवा, झाकण काढा, केस वाळवायच्या ड्रायरने मंद उष्णता द्या. मग गार करणाऱ्या स्प्रेने बोर्डाचा एकेक कोपरा थंड करा आणि कुठल्या कोपऱ्याने वागणं बदलतं ते बघा. रंग काढायची हीट गन वापरू नका, तिने धड जोडही सुटतील.

अॅक्चुएटरचा दोष मला तुलनेने कमी आढळतो. मोटरचे कार्बन ब्रश झिजले की क्रूझ कधी लागतं, कधी नाही, आणि अॅक्चुएटरवर हलकेच टकटक केली की लागतं. आतल्या पोटेन्शिओमीटरचा कार्बनचा मार्ग एकाच जागी घासून गेला की गाडी एका ठराविक वेगालाच डुलते, त्याच्या वरखाली नाही. तुम्ही नेहमी ज्या वेगाने लांबचा प्रवास करता नेमक्या त्याच वेगाला हा दोष दिसेल, कारण हात तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबलेला असतो. दांड्यातला स्विच तपासायचा तर क्रूझ लागलेलं असताना इंडिकेटर देऊन बघा आणि स्टीअरिंग कॉलम खालीवर ज्या भागात थरथरतो तिथल्या वायरी बघा.

तुमच्यासारखीच तक्रार असलेली, पण व्हॅक्यूमवर चालणारं क्रूझ असलेली गाडी कोणाकडे असेल, म्हणजे त्या काळातल्या कित्येक अमेरिकन गाड्या आणि काही जॅग्वार, तर त्यांच्यासाठी थोडं. तिथे अॅक्चुएटरच्या जागी रबराचा भाता किंवा डायफ्राम असतो आणि ब्रेक पेडलजवळ विजेच्या स्विचबरोबर हवा आत सोडणारा व्हॉल्व्हही असतो. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने भात्यात अर्ध्या बारच्या आसपास निर्वात करा. मिनिटभर काटा जागेवर राहिला पाहिजे. फक्त चढावर वेग पडत असेल तर एकतर्फी व्हॉल्व्ह आणि साठवणुकीचा डबा बघा: थ्रॉटल जास्त उघडलं की इंजिनचं व्हॅक्यूम घसरतं आणि त्या वेळी डब्यात जपून ठेवलेल्यावरच काम चालतं. जुने रबरी पाईप वळणावर आतून चिरतात, वरून काळेभोर आणि नवे दिसतात. बोटाने वाकवून बघा.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: आधी पाच नोंदी आणि रिझ्यूमची चाचणी, मग बल्ब आणि ब्रेक स्विच, मग फ्यूज आणि अर्थ. हेलकावे हा वेगळा आजार धरून लिंकेज आणि केबल त्याच दिवशी बघून घ्या. युनिट सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मध्ये गाडी चालवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला तर कशाने आला ते कळत नाही, आणि दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर मारा. क्रूझ लावायच्या आधी उभ्या गाडीत ब्रेक पेडल नुसतं बोट टेकवल्यासारखं दाबा आणि दिवे लागले का हे मागे उभ्या माणसाकडून विचारून घ्या. मग साठच्या वेगाला क्रूझ लावा आणि पाय ब्रेकच्या अगदी जवळ ठेवून हलक्या स्पर्शाने सोडवून बघा. हे तीनदा. नंतर दांड्यावरच्या 'ऑफ'ने तीनदा. सहाच्या सहा वेळा लगेच सुटलं तरच पुढे जा, आणि त्यानंतरच ते किती वेळ टिकतं याची मोजणी सुरू करा. गरम इंजिनावर सलग चाळीस मिनिटं, थोडा खडबडीत रस्ता धरून. त्यातही सुटलंच तर थांबायच्या आधी रिझ्यूम करून बघायला विसरू नका आणि काय झालं ते मला कळवा. तेवढ्यावरून पुढची वायर कुठली धरायची ते सांगता येईल.